जावयासमोरचा जोर

माणसं तोंडावर एक दाखवतात आणि पोटात दुसरंच ठेवतात, हा हिशेब सिल्वासाच्या दवाखान्यात हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्या शोभाला पाठ होता. धाग्याच्या कंपनीतल्या चिमाबाईला लकव्याचा हलका झटका येऊन गेला होता. हृदयाच्या पडद्याला रक्ताची गुठळी मेंदूकडे निसटू देणारं भोक असेल, तर ते आज सापडायला हवं होतं, नाहीतर दुसरा झटका कधी येईल याचा नेम नव्हता.

शिरेतून बारीक बुडबुड्यांचं सलाइन सोडायचं, पेशंटनं श्वास कोंडून जोर लावायचा आणि सांगताच सोडायचा. भोक असलं, की जोर सोडताच ते उघडतं आणि बुडबुडे उजवीकडून डावीकडे निसटतात. दोनदा केलं, एकही निसटला नाही. डॉक्टरांनी "नॉर्मल" लिहिलं.

"थांबा सर," शोभा म्हणाली. चिमाबाईचे गाल टम्म फुगत होते, पण शोभाच्या हाताखाली पोट मऊच होतं. "मावशी, जोर नुसता गालानं लावता होय?"

चिमाबाईनं कोपऱ्यात अदबीनं उभ्या जावयाकडे, लखनकडे डोळा टाकला आणि कुजबुजली, "जवाई उभा शेतस ना, बाई. भलताच आवाज व्हयना त?"

शोभानं जावयाला चहाला पिटाळलं.

"आन डॉक्टर?"

"त्यांचं सोडा, ते रोजच ऐकतात."

या खेपेला पोट दगडासारखं घट्ट झालं. "सोडा!" शोभा म्हणाली आणि तिसऱ्याच ठोक्याला बुडबुडे डावीकडे उतरले. डॉक्टरांनी "नॉर्मल"वर काट मारली. शोभाला हसू फुटलं.

"भोक निघालं, आन तुम्ही हसतात?" चिमाबाई चिडली.

"मावशी, दिसलं म्हणून तर बुजवायचं बघता येईल."