गप्प बसवणारे बटण

मी एक जुना स्पीकरफोन आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून गेलेला नाही. एका सॉफ्टवेअर कंपनीच्या बैठकीच्या खोलीत, लांब टेबलाच्या मधोमध माझी जागा. कंपनी ताईंची, प्रोग्राम लिहिणारा त्यांचा धाकटा भाऊ. मला त्यानेच आणले. बैठक संपली की तो मऊ फडक्याने मला पुसायचा.

मग संचालक म्हणून एक गृहस्थ आले. सगळे त्यांना काका म्हणत. ते आणखी एका सॉफ्टवेअर कंपनीचेही संचालक होते. सुरुवातीला त्याने भलेच झाले. तिकडे झालेल्या चुका इकडे टळल्या, तिकडच्या ओळखी इकडे कामी आल्या, कंपनीने बाळसे धरले. "काका आहेत म्हणून निभावतंय," ताई म्हणायच्या.

आपला आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून माझ्या अंगावर एक बटण आहे. दाबले की लाल दिवा लागतो. बाकीचे लाइनवर असले आणि खोलीत एकटे असले की काका ते अंगठीच्या बोटाने ठोकत, खिशातला मोबाइल काढत आणि ताईंच्या नव्या कामाची खबर दुसऱ्या कंपनीला देत. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस.

ताईंची कामे तिकडून आधी बाजारात येऊ लागली. गिऱ्हाइके गळाली. ताईंनी भावालाच विचारले, "तुझ्याशिवाय हे कुणाला ठाऊक होतं?" त्याने नोकरी सोडली आणि जाताना तो मला पुसून गेला. मला दात असते तर त्या दिवशी मी ओठ चावले असते.

काका ठोकत राहिले, बटण खिळखिळे होत गेले. एका सकाळी ताई आणि बाकीचे संचालक बाहेरगावाहून लाइनवर होते, खोलीत एकटे काका. त्यांनी बटण ठोकले. दिवा मी लावला. आवाज मात्र जाऊ दिला.

"पुढच्या महिन्यात आणतायत, तुम्ही त्याआधी आणा," काका मोबाइलवर म्हणाले. "भाऊ तर गेला. आता नाव कुणावर ढकलायचं ते बघतो मी."

मग ताई म्हणाल्या, "काका, ऐकू येतंय सगळं."

काकांचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. खोटे कशाला बोलू, मला फार बरे वाटले.

काकांना जावे लागले. दुसऱ्या कंपनीनेही त्यांना ठेवले नाही. इकडची खबर तिकडे आणणारा तिकडची बाहेर नेणार नाही कशावरून? दुरुस्तीवाला म्हणाला, बटण झिजले होते. म्हणू दे. भाऊ परत आला, पण ताईंशी तो कामापुरतेच बोलतो. ते काही मला सांधता आले नाही.

मित्रांनो, वस्तू हळू हाताने वापरा. आणि ज्याला गप्प बसवता, त्याला निदान ठोकू नका. तो सगळे ऐकत असतो.