दोन अर्ध्या बाटल्या

अर्धी भरलेली बाटली दिसली की धोंडीबाईचा जीव अस्वस्थ व्हायचा. शेणवे गावातल्या तिच्या घरात दोन अर्धे डबे कधी शेजारी नांदले नाहीत. एकात एक ओतून ती मोकळी व्हायची. ही खोड दिपिकाला, म्हणजे तिच्या लेकीला, जन्मापासून ठाऊक होती. तरीही मुलाखतीच्या आदल्या दिवशी दिपिकानं सोन्याच्या दोन अर्ध्या बाटल्या फळीवर ठेवल्या आणि खुशाल शेजारी गप्पा मारायला गेली, याला काय म्हणावं?

सोनं म्हणजे दागिन्यातलं नव्हे. मुंबईच्या प्रयोगशाळेत डोळे फोडून दिपिकानं पाण्यात सोन्याचे कण वाढवले होते, नजरेला दिसणारच नाहीत इतके बारीक आणि पिळदार. एका बाटलीत डाव्या पिळाचे, दुसरीत उजव्या. औषधांच्या रेणूंमध्येही असा डावा-उजवा फरक असतो. एक रूप बरं करतं, दुसरं कधीकधी अपायही करतं. तो फरक ओळखायला हे कण कामी येतात. दिसायला मात्र दोन्ही बाटल्या सारख्याच जांभळट.

मुरबाडच्या कॉलेजात ही नोकरी मिळाली तर घरून जाऊन-येऊन शिकवता येणार होतं, नाहीतर पुन्हा मुंबईची ती कोंदट खोली. आणि दिपिकाला घरीच राहायचं होतं, अगदी मनापासून. पण ती जागा कित्येक वर्षं रिकामी होती, कारण निवड समितीतले भगीरथशेठ ज्याला हो म्हणत, त्याला दामूअण्णा नाही म्हणत. आणि दामूअण्णांच्या माणसाला भगीरथशेठ.

समितीसमोर दिपिकानं पिशवी उघडली. एक बाटली गळ्यापर्यंत भरलेली. दुसरीत मोहाचं तेल.

तरी तिनं उजेड एकाच दिशेचा करणाऱ्या काळसर फिल्मच्या दोन चकत्यांमध्ये भरलेली बाटली धरली, मागून टॉर्च लावला आणि पुढची चकती फिरवली. उजेड कमी-जास्त झाला, रंग तोच राहिला.

"रंग बदलायला हवा होता," ती म्हणाली.

"नाय बदलला," दामूअण्णा म्हणाले. "माझं नाय."

"मग माझं हो," भगीरथशेठ तत्काळ म्हणाले.

प्राचार्या माधुरी मॅडमनी कपाळाला हात लावला. दिपिका परवानगी मागून बाहेर पळाली. सोबत म्हणून आलेली धोंडीबाई व्हरांड्यात बसली होती.

"आये, बाटल्यांचं काय केलंस?"

"दोन अर्ध्या कशाला गो वाह्याच्या? एक भरली. दुसरीचं झाकण घट्ट, म्हणून धुतली नि तेल भरलं. तुझ्या नव्या सायबांना देऊ."

"दुसरीतलं सगळं पहिलीत मावलं?"

"थोडं उरलं. सोनं टाकीन का मी?" धोंडीबाईनं कमरेच्या पिशवीतून अत्तराची चिमुकली कुपी काढली.

दिपिकाला रडावं की आईला मिठी मारावी ते कळेना. तिनं कुपी घेतली आणि आत धावली. काचेच्या नळीत ते ओतताच खोलीभर गुलाबाचा वास सुटला. तिनं चकती फिरवली. जांभळ्याचा तांबूस झाला, तांबड्याचा निळा.

"हे उजव्या पिळाचे कण," ती म्हणाली.

"मग डावे कुठं गेले?" दामूअण्णांनी विचारलं.

"त्या भरलेल्या बाटलीत आहेत, अर्धे डावे आणि अर्धे उजवे. दोघांचा जोर सारखा आणि दिशा उलटी. एक उजेडाला इकडे वळवतो, दुसरा तिकडे. म्हणून काहीच घडत नाही."

माधुरी मॅडमनी आधी भगीरथशेठांकडे पाहिलं, मग दामूअण्णांकडे, मग बाटलीकडे.

भगीरथशेठ खाकरले. दामूअण्णांनी बाटली उचलली, उजेडात धरली, खाली ठेवली.

"आमी काय रोजच आडवे जातो असं नाय," ते म्हणाले आणि निवडीचा कागद पुढे ओढून त्यांनी सही केली. लगेच भगीरथशेठांनी त्याच कागदावर, त्यांच्या सहीशेजारी, आपली केली.

दिपिका बाहेर आली तेव्हा धोंडीबाई पायऱ्यांवर उभी होती.

"झालं?"

"झालं. घरीच राहायचं आता."

धोंडीबाईनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. "मग ती कुपी आण परत. थोडं तरी उरलं असंल, त्या मोठ्या बाटलीत ओतू."