साफ रक्त

अनिताअक्का जाऊन पंधरवडाही झाला नव्हता आणि तिचा नवरा संदीप जुन्या हुबळीत गल्लीभर सांगत होता, पोटदुखीनं गेली म्हणून. काय तो साळसूदपणा! त्यानंच विष घातलं, अशी अक्काच्या धाकट्या बहिणीची, दीपश्रीची, खात्री होती. तिला त्याला गजाआड बघायचं होतं. दुसरं काही नको होतं.

अक्काचं रक्त पोलिसांकडून तपासायला आलं ते नेमकं उणकलच्या लॅबमध्ये, दीपश्री नोकरीला होती तिथंच. बहीण म्हणून त्या नळीला हात लावायची तिला मनाई होती. तपासणी वरिष्ठ मुकुंदराव करत होते. लॅबची रीत अशी, की संशयाच्या रक्ताबरोबर तुलनेला निरोगी माणसाचं साफ रक्तही मशीनला लावायचं. ते आळीपाळीनं तिथल्याच लोकांनी द्यायचं. या खेपेला पाळी दीपश्रीची होती, आणि तिला त्यालाही मनाई करावी हे एकाही शहाण्याला सुचलं नाही.

"थॅलियमचं विष दिसतंय गं," मुकुंदराव म्हणाले, "पण साफ रक्तात पण दिसतंय की. मशीनच घाण झालंय. विष आहे म्हणून लिहिता येत नाही बघ."

दीपश्री संतापली. सुटला मेला! कपाळ धरलं तर बोटांत केसांचा झुपका आला. आठ दिवस केस गळत होते, तळवे जळत होते. तिनं सारं दुःखावर ढकललं होतं. आता तिला अक्का आजारी पडायच्या आधीची ती खीर आठवली. संदीपनं स्वतः वाढलेली. दोघी बहिणी लहानपणापासून एकाच ताटात जेवायच्या. तिनं दोन घास खाल्ले होते, बाकीची अक्कानं संपवली होती.

"अण्णा," ती मुकुंदरावांना म्हणाली, "तुमचं रक्त लावा की मशीनला."

कुरकुरत त्यांनी लावलं. त्यात काहीच निघालं नाही. मशीन ठणठणीत होतं. मुकुंदरावांचा चेहरा उतरला.

"ऊठ पोरी, दवाखान्यात चल. ह्याच्यावर औषध आहे."

"येते की. आधी पोलिसांना बोलवा. त्यांच्यासमोर माझं रक्त काढा, नळीवर माझं नाव घाला, सील करा."

"अगं, उशीर झाला तर?"

"होऊ दे. आधीच औषध घेतलं, तर रक्तातलं विष उतरेल आणि संदीप म्हणेल मशीनच खराब होतं."

अक्काला मारणारं विष आपल्याही अंगात आहे, याचा तिला आनंद झाला. तिनं तो लपवला नाही. बाही वर सारून ती खुर्चीत बसली.

"भरपूर काढा," ती म्हणाली.