सात नंबरची खुर्ची

गुरुवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी अकरा हात वर गेले. बारावा हात माझ्या लाकडी हातावर होता. तो तिथून हलला नाही.

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि तो हात व्हर्ना ओक्सानेन हिचा होता. सुपीरियर सरोवराच्या काठावरच्या आमच्या लहान गावात न्यायालय आहे. तिथे ज्युरीची बारा माणसं ज्या खोलीत दार लावून निकाल ठरवतात, त्या खोलीत मी असते. ज्या नंबरचा माणूस त्या नंबरची खुर्ची, अशी इथली शिस्त आहे. माझा नंबर सात.

ऊर्हो मॅटिला या फिनिश सुताराने मला १९३१ च्या हिवाळ्यात घडवलं. लाकूड मेपलचं. एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले. आम्ही बारा बहिणी होतो. पहिल्या दिवशी न्यायाधीशांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ते म्हणाले, "हे काम आपल्या सगळ्यांना पुरून उरेल." ते वाक्य मी जपून ठेवलं आहे, कारण पुढे कौतुक फारसं वाट्याला आलं नाही.

माझ्यावर तांब्याच्या खाणीतले कामगार बसले, शिक्षिका बसल्या, लाकूडतोडे बसले. एकाने माझ्या पायावर चाकूने स्वतःच्या नावाची अक्षरं कोरली. निकालानंतर कोणाचं काय झालं ते मला कधीच कळत नसे. ते बाहेर न्यायालयात ठरतं आणि मी या खोलीबाहेर गेलेली नाही. मला कळतं ते वजन. ज्याचं मन ठरलेलं असतं तो मागे रेलून बसतो. ज्याचं ठरलेलं नसतं तो माझ्या पुढच्या काठावर बसतो.

नऊ वर्षांपूर्वी गादीच्या, चाकांच्या बारा खुर्च्या मागवल्या गेल्या. एकीचं चाक मोडकं निघालं. ती परत पाठवली आणि बदली कधी आलीच नाही. म्हणून मी राहिले. माझ्या बहिणींना तळघरात नेलं. पुढे त्यांचं काय झालं, मला माहीत नाही. मी कडक आहे आणि करकरते. सात नंबर मिळालेला माणूस पहिल्या दिवशी हमखास विचारतो, "मलाच वेगळी शिक्षा का?" मग बाकीचे हसतात.

व्हर्नाने तसं विचारलं नाही. तिने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. "बसच्या सीटपेक्षा बरी आहे," एवढंच ती म्हणाली.

खटला आगीचा होता. नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर, फेरमोजणीच्या आदल्या संध्याकाळी, निवडणूक कार्यालय जळालं. मतपत्रिकांच्या पेट्या आतच होत्या. आरोप होता कॅलेब रिंटालावर. वय सव्वीस. त्याने आधी चौकात उभं राहून मोजणीविरुद्ध आरडाओरडा केला होता, हे खरं. पण त्याला तिथे पाहणारा साक्षीदार एकच होता. पावणेसहा वाजता, पडत्या बर्फात, रस्त्यापलीकडून आपण चेहरा ओळखला, असं तो म्हणाला. गावात निम्म्या अंगणांत एका पक्षाच्या पाट्या होत्या, निम्म्यांत दुसऱ्या. शेजारी शेजाऱ्याशी बोलत नव्हता.

निकालाला बाराही जणांचं एकमत लागतं. पहिल्या दिवशी चौघांना कॅलेबच्या दोषाची खात्री नव्हती, दुसऱ्या दिवशी दोघांना. गुरुवारी व्हर्ना एकटी उरली.

"व्हर्ना, तुला नक्की हवंय तरी काय?" ज्युरीचा प्रमुख डॉयल पेनहेल म्हणाला. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. "त्या पोराने स्वतः येऊन कबुली द्यायची का?"

"मला तो चेहरा हवाय," व्हर्ना म्हणाली. "तसल्या हवेत मी रोज मुलं घेतली, डॉयल. तुझी दोन्ही पोरं त्यात होती. बर्फ पडत असला की दार उघडेपर्यंत कोण ते कळायचं नाही. मी टोप्या बघून मोजायचे."

"म्हणजे साक्षीदाराने चेहऱ्याऐवजी टोपी ओळखली असती तर चाललं असतं!" कोणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसली.

अ‍ॅग्नेस किवेला हसली नाही. ती व्हर्नाची शेजारीण, चर्चमधली मैत्रीण. दोघी रोज अ‍ॅग्नेसच्याच गाडीने येत. "अगं, तुझ्याच मताची राख झाली त्या आगीत," ती म्हणाली. "आपल्या सगळ्यांच्या मतांची. आणि तू त्याचीच बाजू घेतेस?"

"राख झाली म्हणूनच नीट बघायचंय," व्हर्ना म्हणाली. "राग मलाही आलाय, अ‍ॅग्नेस. पण राग म्हणजे काही पाहणं नव्हे."

तिचा आवाज शांत होता. ती काठावर बसलेली नव्हती. पाठ पूर्ण टेकून बसली होती.

साडेचारला डॉयलने न्यायाधीशांना चिठ्ठी लिहिली. एकमत होत नाही एवढंच लिहायचं असतं. किती एका बाजूला, किती दुसऱ्या, हे लिहायचं नसतं, नाहीतर एकट्या पडलेल्यावर दबाव येतो. सुरुवातीलाच तशी ताकीद दिली जाते. पण डॉयलला दुकानात प्रत्येक चिठ्ठी तपशीलवार लिहायची सवय. त्याने लिहिलं: दोषी म्हणणारे अकरा, एक नाही. सात नंबर ऐकत नाही.

शुक्रवारी सकाळी व्हर्ना माझ्यावर बसली तेव्हा तिचे बूट घोट्यापर्यंत ओले होते. ती चालत आली होती. साडेनऊला सगळ्यांना न्यायालयात बोलावलं. दहाला ते परतले ते कुरकुरतच.

"तुला आकडा लिहू नकोस म्हणून तीनदा सांगितलं होतं," एकजण म्हणाला.

"दोनदा," डॉयल म्हणाला. "आणि अर्धवट चिठ्ठी लिहिणाऱ्याला मी दुकानात झापतो. मला काय ठाऊक, इथे उलटं असतं!"

आता खटल्याविषयी एक शब्दही बोलायचा नाही, असा हुकूम आहे. न्यायाधीश वकिलांना घेऊन बसले आहेत. याच बारा जणांना पुन्हा चर्चेला बसवतील, की खटला मोडून नव्या माणसांपुढे पहिल्यापासून चालवतील, हे इथे कोणालाच माहीत नाही.

मित्रांनो, मी खुर्ची आहे. कॅलेबने आग लावली की नाही, हे मला सांगता येणार नाही. व्हर्नालाही ते माहीत नाही आणि ती तेवढंच म्हणते आहे. तुमच्या वर्गात कधी सगळे हात वर जातील आणि एकच खाली राहील. तो हात ओढून वर करू नका. त्याने काय पाहिलं, हे आधी विचारा. मग हवं तर भांडा. आणि जुनी, करकरणारी वस्तू टाकून देण्याआधी एकदा तिच्यावर बसून बघा.

बारा वाजता बेलिफाने, म्हणजे न्यायालयाच्या शिपायाने, जेवणाचं खोकं आणून दिलं. पेस्टी ही मांस-बटाटा भरलेली मोठी भाजकी करंजी; आमच्याकडे बेकरीवाला तिच्या कोपऱ्यावर ज्याच्या-त्याच्या नावाचं अक्षर कणकेचंच लावतो, म्हणजे अदलाबदल होत नाही. रोज अ‍ॅग्नेस स्वतःची पेस्टी उचलायची आणि व्हर्नाची तिच्याकडे सरकवायची. आज खोकं टेबलाच्या त्या टोकाला अ‍ॅग्नेसच्या कोपराशी थांबलं. अकरा जणांनी आपापली पेस्टी घेतली. व्हर्नाने मागितली नाही.

आता एक वाजून पाच मिनिटं झाली आहेत. न्यायाधीशांचा निरोप आलेला नाही. खोक्यात एक पेस्टी आहे.