पावलं ऐकू येताहेत तोवर

आमच्या नगरसभेत मतं मोजण्याआधी घंटा मी वाजवते. पितळी घंटा, जाड दोरी आणि एकच रीत: जिन्यात कुणाची पावलं ऐकू येताहेत तोवर हात थांबवायचा नाही. घंटा थांबली की दार बंद. मग बाहेर साक्षात अध्यक्ष का राहीनात.

त्या दिवशी ठराव होता मतदान केंद्रं पाचऐवजी आठपर्यंत उघडी ठेवायचा. माझा नवरा बस चालवतो आणि सुटतो सहाला. निवडणुकीच्या दिवशी बस भरभरून लोकांना केंद्रावर सोडतो आणि स्वतः मात्र मत न देता घरी येतो. लग्न झाल्यापासून हेच बघतेय. म्हणून सकाळपासून मी देव पाण्यात घालून बसले होते.

विरोधात सगळ्यात मोठा आवाज वकीलसाहेबांचा. वकिली केव्हाच सुटली, आवाज तेवढा राहिला. "ज्याला तळमळ असते तो वेळेत पोचतो," ते दर सभेत सांगायचे. "आळशांसाठी उघडी ठेवायला ही काय धर्मशाळा आहे?" टाळ्या पडायच्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि आज नेमके तेच गायब. कारकून माझ्या कानाशी लागला. "ते नाहीत म्हणजे एका मताने पास. आले तर बरोबरी, आणि बरोबरी झाली की ठराव पडला. वाजव आणि आटप."

मी दोरी धरली. छाती अशी धडधडत होती की घंटेची गरजच नव्हती. दोन-चार ठोके झाले आणि खालून ऐकू आलं. धप. धप. मग नुसती धाप. लिफ्ट बंद होती, सभागृह तिसऱ्या मजल्यावर, आणि साहेबांचा देह त्यांच्या आवाजाला शोभेसा.

"मला काही ऐकू येत नाही," कारकून म्हणाला. "तुलाही येत नाहीये."

येत होतं हो, चांगलं येत होतं. मेल्याला आजच बरा उशीर सुचला. हात सोडला की काम फत्ते, कुणी विचारणारही नव्हतं. पण मत द्यायला धावत येणाऱ्या माणसाच्या तोंडावर दार लावायचं, आणि तेही मी? माझ्या घरात असला माणूस आहे.

मी वाजवत राहिले. सभासद वळून बघायला लागले. "पायावर धोंडा पाडून घेतेयस," कारकून दात-ओठ खात म्हणाला. मी म्हटलं, "माझा पाय आहे." खांदा भरून आला, रडूही आलं, पण दोरी सोडली नाही.

वकीलसाहेब दारात आले ते भिंतीला धरून. चेहरा लालबुंद. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दोरीकडे बघितलं आणि आत गेले. मी दार लावलं.

"बाजूने कोण?" अध्यक्षांनी विचारलं. मी डोळेच मिटले. कारकुनाने चिमटा काढला तेव्हा उघडले. वकीलसाहेबांना धापेमुळे बोलता येत नव्हतं, पण हात वर होता.

बाहेर पडताना ते थांबले. "माझं मत कुठे जाणार ते तुम्हाला माहीत होतं ना?"

"वाटलं होतं."

"मलाही," ते म्हणाले, आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागले.

मी नवऱ्याला फोन लावला. "आठपर्यंत झालं. आता कारणं चालायची नाहीत."

तो म्हणाला, "म्हणजे आता कुणाला द्यायचं ते ठरवावं लागेल."

घरी आल्यावर ताटं वाढल्यापासून आम्ही त्यावरूनच भांडत होतो. त्याचा उमेदवार मला मुळीच पटला नाही. आमटी निवून गेली तरी आमचं भांडण संपलं नव्हतं, आणि मला ते संपायला नकोच होतं.