ओंजळीची खूण

या, असे जवळ सरकून बसा. पाठीला भिंत मिळेल अशी जागा धरा, म्हणजे मध्येच उठावंसं वाटणार नाही. एक गोष्ट सांगते. राजा-राणीची नाही, आमच्या समोरच्या दाराची आहे, आणि माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. राज्य मात्र तिच्यात आहे. एका घराने ते का सोडलं, एवढंच सांगायचंय.

समोर आबा राहायचे. लोकांची घरं बांधून देणं हा त्यांचा धंदा. विटांनी नव्हे, सुतळीने. कुणाला हे राज्य सोडून पुलापलीकडच्या राज्यात जायचं असलं, की खोकी, गोणपाट आणि सुतळीचे गुंडे घेऊन आबा दारात हजर. चाळीस वर्षं हेच केलं. पुढे मुलगा हाताशी आला. त्याला मी भाऊ म्हणते आणि त्याच्या बायकोला वहिनी.

घर सोडायची कारणं आबांइतकी कुणी ऐकली नसतील. कुणाला इथली थंडी सोसत नव्हती. कुणाची लेक पलीकडे दिलेली. एक मास्तर म्हणाले, इथले कायदे माझ्या डोक्यावरून जातात. आबा म्हणाले, पलीकडचे कमरेएवढे निघाले तर पत्र टाका. एक जोडपं शेजारच्या कुत्र्याला कंटाळून गेलं आणि तिकडे गेल्या गेल्या स्वतःच कुत्रा पाळला. आबा म्हणायचे, "दारात सांगतात ते कारण वरच्या खोक्यातलं. खरं कारण तळाशी असतं, सगळ्यात मऊ फडक्यात गुंडाळलेलं."

आता त्यांची कामाची रीत सांगते, कारण गोष्ट तिच्यावरच उभी आहे. ट्रक भरताना आरडाओरडा केला की गोंधळ होतो, म्हणून आबांनी हाताच्या खुणा ठरवल्या होत्या. मूठ वर केली की थांबा. दोन्ही तळवे वर नेले की उचला. पालथा पंजा सावकाश खाली आला की हळू ठेवा. दोन्ही हातांची ओंजळ केली, तर आत काच आहे, जपून. आणि तळहातावर तळहात दोनदा मारला की भरलं, चला. ट्रकच्या फाळक्याशी, म्हणजे मागच्या उघडणाऱ्या फळीशी, एकच माणूस उभा राहायचा, आणि त्याचा हात वर असेपर्यंत कुणी बोलायचं नाही. घरमालकानेही नाही. "हात वर, तोंड बंद," असा त्यांचा कायदा. एकदा एक वकीलसाहेब मध्येच बोलले, तर आबांनी त्यांचं कपाट जिन्यातच अर्धा तास उभं ठेवलं.

भाऊ-वहिनीला एक मुलगी, चिमणी. दोन वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. भांडं पडलं तरी मान वळेना. घरात रडारड झाली, औषधं झाली, नवस झाले. आबा तिला कडेवर घेऊन कामावर जायला लागले. आणि एक दिवस ही पोर अंगणात बसून, हातातली बाहुली खाली ठेवताना, पालथा पंजा सावकाश खाली आणताना दिसली.

तिचा पहिला शब्द तो. हमालीची भाषा तिची मातृभाषा झाली. वहिनीचे डोळे भरून आले, की चिमणी तिच्याकडे बघून ओंजळ करायची. आत काच आहे, जपून. आमचे कीर्तनकार बुवा सांगायचे, देवाला हाक पोचते ती ओरडण्याने नव्हे, वर गेलेल्या हाताने. मी मान डोलवायची, पण त्याचा अर्थ मला समोरच्या अंगणात कळला.

पुढे ती बाईंच्या वर्गात गेली. ऐकू न येणाऱ्या मुलांचा गावात तेवढा एकच वर्ग, शाळेच्या मागच्या खोलीत, आणि शिकवणाऱ्याही त्याच एक. चिमणी अकरा वर्षांची झाली, पाचवी संपली, आणि एका दुपारी बाई स्वतः समोर आल्या. आमची दारं समोरासमोर, तळमजल्याला, मध्ये हातभर गल्ली. ऐकायला कान लावावा लागत नाही.

बाई म्हणाल्या, "माझी घागर रिकामी झाली. पाचवीपुढे आपल्या राज्यात या मुलांना वर्ग नाही. साध्या शाळेत मागच्या बाकावर बसवतील आणि ही फळ्याकडे बघत बघत मोठी होईल. पलीकडे बारावीपर्यंत शाळा आहे. गणितसुद्धा हातांनी शिकवतात. एक जागा आहे, पुढच्या सोमवारपर्यंत धरून ठेवतो म्हणालेत. पण मूल त्याच राज्यात राहणारं हवं. घराचा पत्ता दाखवावा लागतो."

भाऊ म्हणाला, "इथेच काही होणार नाही का? एखादा अर्ज?"

"सहा वर्षं अर्जच करतेय," बाई म्हणाल्या. "माझं अक्षर सुधारलं."

वहिनी शिवणकाम करते. तोंडात कायम टाचण्या, म्हणून बोलणं कमी. त्या दिवशी तिने टाचण्या काढल्या, एकेक करून उशीत खोचल्या आणि म्हणाली, "शनिवारी निघायचं."

आबा खुर्चीतून म्हणाले, "तुम्ही निघा. मी येणार नाही."

तिथून चार दिवस त्या घरात जे चाललं ते काय सांगू. आबांची कारणं रोज बदलायची. सोमवारी म्हणाले, तिकडची हवा दमट. मंगळवारी गुडघे आठवले. बुधवारी म्हणाले, "मी चार हजार घरं पाठवली. मागे दार लावायला कुणीतरी राहायला नको का?"

भाऊची गत इकडे आड तिकडे विहीर अशी. तो वहिनीला म्हणाला, "आबांना सोडून कसं जायचं?"

"सोडतंय कोण? ते येत नाहीयेत."

"एक वर्ष थांबू. तोवर त्यांचं मन वळेल."

"वर्षाने पोर बारा वर्षांची होईल आणि पाचवीतच असेल. मी रोज मापं घेते, मूल किती वाढतं ते मला कळतं. मन वळेल तेव्हा वळेल. तू खोकी आण."

"दुसऱ्याची घरं हलवताना इतकं जड नाही जात गं."

"म्हणून तर खोकी आण म्हणतेय. हात कामात असले की जड कमी लागतं."

त्याने खोकी आणली. पण बायकोने सांगितलं म्हणून आणली. पाय अजून उंबऱ्यातच होते.

गुरुवारी दुपारी वहिनी आबांच्या खोलीत गेली. जमिनीवर बसून त्यांचे कपडे घडी करायला लागली.

"ते राहू दे. मी इथेच आहे."

"घडी घालून ठेवते. इथे राहिलात तरी घडी लागतेच." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आबा, दारातली कारणं ऐकली. आता तळाचं काढा."

बराच वेळ ते सुतळीचा तुकडा बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिले. मग म्हणाले, "तिला पहिला शब्द मी दिला. खोटं नाणं दिलं असं वाटतं आता. ती आहे ट्रक भरायची भाषा. उचला, ठेवा, थांबा. तिकडे तिला खरी भाषा मिळेल. हजारो शब्द. मग ती घरी येऊन माझ्याशी काय बोलेल? उचला-ठेवा? तिला माझी लाज वाटेल, किंवा कीव येईल. इथे राहिलो तर निदान माझ्या डोळ्यांसमोर व्हायचं नाही ते."

मी दारात तांब्या घासत होते. हात थांबला माझा.

वहिनी म्हणाली, "मग तुम्हीही शिका. शनिवारी घरच्या माणसांना शिकवतात तिथे. बाईंनी सांगितलंय."

"या वयात? पालथ्या घड्यावर पाणी."

"घडा सुलटा करून बघा एकदा."

"आणि नाही जमलं तर?"

वाटलं, आता ही धीराचं काही बोलेल. सासरा आहे, म्हातारा आहे. पण वहिनीने सदऱ्याची बाही सरळ केली आणि म्हणाली, "तर नाही जमलं. पण तुमच्याशी बोलता यावं म्हणून ती अर्ध्या भाषेत राहणार नाही. मी राहू देणार नाही."

बोलणं कठोर होतं. पण ज्या आईला पोरीने नऊ वर्षं ओंजळ करून दाखवली, ती आई बोलत होती. आबांनी मान खाली घातली. सुतळी पुन्हा बोटाला गुंडाळायला लागले.

शनिवारी सकाळी ट्रक गल्लीच्या तोंडाशी लागला. आबांचे जुने दोन हमाल आले होते. आबांनी आपली खुर्ची दाराबाहेर ओढली आणि तिच्यात ठाण मांडून बसले. वहिनीने घराची किल्ली त्यांच्या मांडीवर ठेवली. "घर तुमचं, किल्ली तुमची. मी रोज पत्र टाकीन," एवढं बोलून ती खोकी मोजायला आत गेली.

फाळक्याशी उभं कोण राहणार? ती जागा आबांची. भाऊने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तोंड फिरवलं. भाऊ तिथेच घुटमळला. हमाल पलंग उचलून उभे, ठेवायचा कुठे ते कुणी सांगेना. तेवढ्यात चिमणीने बादली पालथी घातली, फाळक्याशी ठेवली, तिच्यावर चढली आणि हात वर केला.

हमाल क्षणभर हसले. मग हसायचे थांबले, कारण खूण बरोबर होती. पलंग आधी, कपाट त्याला टेकून, मध्ये गाद्या. पोरगी नऊ वर्षं नुसती बघत नव्हती. शिलाई मशीन चढवताना तिने अचानक मूठ वर केली. सगळे थिजले. मशीनखालचं गोणपाट एका बाजूने सरकलं होतं. अजून एक पाऊल आणि मशीन रस्त्यावर आलं असतं. आबांच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. "बरोबर," ते खुर्चीतून पुटपुटले, आणि पुन्हा तोंड फिरवायचं विसरले.

घर रिकामं झालं. बाहेर उरली ती खुर्ची, आणि खुर्चीत आबा.

चिमणीने हमालांकडे बघितलं. बोट खुर्चीकडे केलं. ओंजळ केली. आत काच आहे, जपून. मग दोन्ही तळवे वर नेले. उचला.

हमालांनी एकमेकांकडे बघितलं, मग भाऊकडे. भाऊने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. हात वर होता. चाळीस वर्षांचा कायदा. म्हातारा हमाल वाकला, दुसरा वाकला, आणि आबांसकट खुर्ची वर गेली.

आबांनीही तोंड उघडलं होतं. मी बघितलं. पण पोरीचा हात खाली येईना, आणि वकिलाचं कपाट जिन्यात उभं ठेवणारा माणूस स्वतःचा नियम कसा मोडणार? ते खुर्चीचे हात घट्ट धरून बसले, आणि सबंध गल्लीतून देवाच्या पालखीसारखे निघाले. पालथा पंजा सावकाश खाली आला, तेव्हा खुर्ची ट्रकच्या केबिनशी टेकली.

चिमणीने हात खाली घेतला. आता बोलायला मोकळीक होती. सगळे आबांकडे बघत राहिले.

आबा म्हणाले, "पकड चुकली तुमची. मागचे पाय आधी धरायचे."

मग ते पोरीकडे वळले. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, ओंजळ केली, आणि भुवई उडवली. मी काच का गं? तिने मान हलवून हो म्हटलं. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि तीच ओंजळ केली.

आबा उठले. गुडघ्यांना दोन शिव्या घातल्या, चालत माझ्या दाराशी आले, किल्ली माझ्या हातात दिली. "दार लावायला तुम्ही आहात," म्हणाले. आणि स्वतःच्या पायांनी केबिनमध्ये चढले. वहिनी तिथेच उभी होती. तिने एक टाचणी पदरातून काढून पुन्हा पदरातच खोचली. बाकी काही नाही.

बाई चिमणीचे कागद घेऊन आल्या होत्या. त्यांनी पोरीचे केस नीट केले. खऱ्या भाषेत काही बोलल्या नाहीत. तळहातावर तळहात दोनदा मारला. भरलं, चला. ट्रक गेला.

सोमवारी जागा मिळाली. पत्रं येतात. आबा शनिवारच्या वर्गात सगळ्यांत मागे आहेत, आणि शिकवणारी म्हणते, यांचे हात फार मोठ्याने बोलतात. चिमणी रोज संध्याकाळी त्यांची उजळणी घेते, आणि चुकले की मूठ वर करते.

आता उठू नका, एकच राहिलं. मला नंतर कळलं की वर्गात सहा मुलं तरी हवीत, नाहीतर वर्ग बंद, असा वरून हुकूम होता. चिमणी धरून सहा भरत होती; तिला आणखी वर्षभर पाचवीतच बसवलं असतं, तर वर्ग टिकला असता. बाईंना हे माहीत होतं; त्या दुपारी समोरच्या घरात बसून घागर रिकामी झाली म्हणाल्या, तेव्हाही माहीत होतं. वर्ग बंद झाला. उरलेल्या पाचांसाठीही त्यांनी पत्रं लिहिली, पत्ते शोधले, आणि ती पाचही घरं वर्षभरात पूल ओलांडून गेली. बाई आता एका कचेरीत कागदांवर शिक्के मारतात. अर्ज अजून करतात.

तुम्ही देवापुढे हात जोडाल तेव्हा, जोडायच्या आधी, क्षणभर त्यांची ओंजळ करा. आणि तिच्यात आमच्या बाईंना ठेवा.