उभ्या टिपा

परीक्षकांनी चिमट्याच्या टोकाने मागचं दार उघडलं, आत बॅटरीचा झोत टाकला आणि मान हलवली.

गाडी जेमतेम वीतभर लांबीची होती. फिकट निळी, चंदेरी कडांची. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याची. चारही दारं उघडत होती, स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळत होती, डिकीत जॅकसुद्धा होता, तांदळाच्या दाण्याएवढा. स्पर्धेच्या टेबलाच्या पलीकडे मावशी उभ्या होत्या. दोन्ही हात त्यांनी पर्सच्या पट्ट्यावर घट्ट धरले होते, नाहीतर ते गाडीकडे गेले असते.

"काम अप्रतिम आहे," परीक्षक म्हणाले. "पण सीट चुकलीये."

"काय चुकलंय?"

"टिपा. मागच्या सीटवर तुम्ही उभ्या टिपा घातल्यात. ह्या गाडीच्या सीटला आडव्या टिपा असतात."

"पहिल्या वर्षी उभ्याच होत्या."

परीक्षक हसले. वाईट माणूस नव्हता तो, पण शाळेतल्या पोरीने नऊ सत्ते चोपन्न म्हटल्यावर मास्तर हसतील तसं ते हसणं होतं.

"मावशी, ह्या गाडीवर मी पुस्तक लिहिलंय."

"वाचलंय," मावशी म्हणाल्या.

परीक्षकांनी कागदावर काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. 'तपशिलाची अचूकता' असा तो रकाना होता, आणि एका फटक्यात त्यातले दहा गुण गेले होते. "हरकत असेल तर दोनच्या आत सांगा," ते जाता जाता म्हणाले, "पण पुराव्यासकट." दुसरे परीक्षक पेशाने दातांचे डॉक्टर होते आणि आपल्या दवाखान्यातलाच छोटा गोल आरसा घेऊन सगळ्या गाड्यांची पोटं तपासत हिंडत होते. ते गाडीपाशी क्षणभर रेंगाळले, 'काय करणार' अशा अर्थाने खांदे उडवले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

मावशींचा नवरा पाण्याची बाटली भरून परत आला.

"झालं? काय म्हणाले?"

"सीट चुकली म्हणतात."

"कोणाची? तुझी? सीट?" तो एवढ्या मोठ्याने हसला की शेजारच्या टेबलावरचा ट्रकवाला वळून बघायला लागला. मग त्याने बायकोचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं. "तू सांगितलंस ना, तू तिथे होतीस म्हणून?"

"पुरावा मागितलाय. मी होते तिथे, हा काय पुरावा झाला?"

बावीस वर्षं त्या तिथे होत्या. एकोणिसाव्या वर्षी त्या ह्याच गाडीच्या कारखान्यात सीट विभागात लागल्या. सहा वर्षांनी त्यांच्या बहिणीची मुलगी त्याच विभागात आली. ती त्यांना मावशी म्हणायची, म्हणून मग सगळा विभागच म्हणायला लागला, फोरमनसकट. पंचविशीतच त्या जगाच्या मावशी झाल्या. पुढे कारखाना बंद पडला, यंत्रं विकली गेली, शेडच्या जागी गोदाम आलं. छोट्या कारखान्याची छोटी गाडी. तिच्या मॉडेलचं तयार किट बाजारात कोण आणणार? म्हणून मावशींनी ती मुळापासून घडवली. तीन वर्षं जेवणाच्या टेबलाची अर्धी बाजू त्यांच्याकडे होती. प्लास्टिकचे पातळ पत्रे कापायला नवऱ्याच्या दाढीची पाती जायची. एवढी पाती कशी संपतात, हे त्याला वर्षभर कळलंच नव्हतं. बॉडीला त्यांनी सात वेळा रंग दिला आणि चार वेळा खरवडून काढला. सीट मात्र एका दुपारी झाली. जुन्या हातमोज्याचं मऊ चामडं, सगळ्यात बारीक सुई, आणि बस्स. हात आपोआप चालले होते.

आणि चुकली म्हणे सीटच.

"चला," मावशी म्हणाल्या.

"घरी?"

"पोर्चमध्ये."

हॉलच्या पोर्चमध्ये खरी गाडी उभी होती. परीक्षकांची स्वतःची. प्रदर्शनाचं आकर्षण म्हणून त्यांनी ती पहाटे पुसून पुसून आणली होती, आणि तिच्याभोवती दोरी बांधून 'हात लावू नये' अशी पाटी ठेवली होती. काचेतून आतली मागची सीट दिसत होती. टिपा आडव्या. एकसारख्या, देखण्या, आणि आडव्या.

नवरा पाटी वाचत होता तोवर मावशी दोरीखालून वाकून पलीकडे गेल्याही. त्यांनी मागचं दार उघडलं, चप्पल बाहेर काढली, आत गुडघा टेकला आणि उजवा तळहात सीटवर ठेवला. दाबला नाही. नुसता फिरवला, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मधेच हात थांबला. पुन्हा मागे आला.

"अहो! अहो मावशी! हात लावायचा नाही!"

परीक्षक पळत आले होते. मागून दातांचे डॉक्टर, आणि त्यांच्या मागून फुकटचा तमाशा चुकवायचा नाही म्हणून दहा-पंधरा माणसं.

मावशींनी हात काढला नाही. "हिचा नंबर नऊशेच्या आतला असेल ना? इंजिनाजवळच्या पट्टीवरचा?"

"आठशे चौऱ्याहत्तर. पण तुम्हाला कसं..."

"इथे हात ठेवा."

"हे बघा..."

"ठेवा तर. दाबू नका. इकडून तिकडे न्या, सावकाश."

परीक्षकांनी पाटीकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, आणि तळहात ठेवला. थोडा सरकवला. अजून थोडा. मग त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली.

"खाली काहीतरी आहे," ते हळू म्हणाले. "उंचवटे... उभे उंचवटे."

"पहिल्या वर्षी रेक्झिन अरुंद पन्ह्याचं यायचं," मावशी म्हणाल्या. "सीटला पुरायचं नाही, म्हणून आम्ही उभ्या पट्ट्या जोडायचो. वर्षअखेरीला मोठा पन्हा मिळाला आणि साहेबांनी आडव्या टिपा काढल्या. तेव्हा साठेक गाड्या आवारात न विकता पडलेल्या. नव्या म्हणून विकायच्या, तर सीट नवी हवी. जुनं काढायचं तर अर्धा दिवस जातो आणि खालचा फोमही फाटतो. म्हणाले, वरूनच चढवा. आम्ही चढवलं."

"आम्ही?"

"आम्ही."

परीक्षकांनी पहिल्यांदा त्यांच्या हातांकडे पाहिलं. उजव्या तर्जनीच्या टोकाला सुईने पाडलेला घट्टा होता, वाटाण्याएवढा.

"बाकीच्या गाड्यांत का नाही सापडलं कुणाला?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"लोकांनी नव्याने शिवून घेतल्या ना सीटा. सगळंच खरवडून काढतात. ह्यांनी गाडी जपली, म्हणून राहिलंय."

ते ऐकून परीक्षकांचा चेहरा थोडा सैलावला. मग लगेच आवळला, कारण पुढचं काय ते त्यांच्या लक्षात आलं होतं.

"उसवावं लागेल," ते म्हणाले.

"मागची एक शिवण."

"चाळीस वर्षांत कुणाला हात लावू दिला नाही मी हिला. पुन्हा शिवता येईल?"

"त्याच भोकांतून शिवून देते. कुठे उसवलं होतं ते तुम्हालासुद्धा सापडणार नाही."

परीक्षकांनी सीटवरून पुन्हा एकदा तळहात फिरवला. पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला एका बाजूने आपलं पुस्तक खरं ठरायला हवं असतं आणि दुसऱ्या बाजूने खरं काय ते कळायला हवं असतं. शेवटी त्यांनी खिशातली बॅटरी काढून मावशींच्या नवऱ्याच्या हातात दिली, आणि स्वतः दोरी सोडली.

मावशींनी पर्समधून छोटी कात्री काढली. पहिला टाका कापायला त्यांना मिनिटभर लागलं. मग टाके एकामागोमाग सुटत गेले, टिक, टिक, आणि पोर्चमध्ये दुसरा आवाज उरला नाही. शिवण टोकापर्यंत सुटल्यावर त्यांनी कव्हरची कड दोन बोटांत धरली आणि वहीचं पान उलटावं तशी वर केली.

खाली गर्द लाल रेक्झिन होतं. चाळीस वर्षांत त्यावर ऊन पडलं नव्हतं, कुणी बसलं नव्हतं, धूळ शिरली नव्हती. कालच यंत्रावरून उतरवल्यासारखं ते लखलखत होतं. आणि त्यावर टिपा होत्या. उभ्या. दोऱ्यासारख्या सरळ.

"उभ्या," दातांचे डॉक्टर म्हणाले. गरज नव्हती, पण कुणीतरी म्हणायला हवं होतं.

ट्रकवाल्याने टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. मावशींचा नवरा एका हातात बॅटरी असल्यामुळे दुसऱ्या हाताने स्वतःच्या मांडीवर थापा मारत होता. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. ते गाडीत वाकून त्या लाल पट्ट्यांकडे असे पाहत होते, जणू चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोने आज पहिल्यांदा गाऊन दाखवलं होतं.

"तुमचे दहाच्या दहा गुण परत," ते म्हणाले. "म्हणजे पहिला नंबर तुमचाच. दोन वाजायच्या आत हरकत मान्य."

पण मावशी ऐकत नव्हत्या. त्यांचं बोट पट्ट्यांवरून एकेक करत सरकत होतं. टोकाला गेलं, थांबलं, आणि पुन्हा पहिल्यापासून निघालं.

"सात," त्या म्हणाल्या.

"काय सात?"

"ह्या सात पट्ट्या आहेत. मी आठ घातल्यात. माझ्या गाडीत."

"अगं, गप्प बस ना!" नवरा दातओठ खात पुटपुटला. "कुणी विचारलंय का तुला?"

"पुढच्या सीटला आठ असायच्या. मी दोन्हीकडे आठ घातल्या. घाई केली." मावशी सरळ उभ्या राहिल्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्या हसत होत्या, आणि मोकळेपणाने हसत होत्या. "कापा गुण. टिपेची चूक ती टिपेची चूक."

परीक्षकांनी दातांच्या डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी आरसा खिशात टाकला. मग परीक्षकांनी कागद काढला, अगदी गंभीरपणे एक गुण कापला, आणि खाली सही करून तो मावशींनाही सहीसाठी दिला.

एक गुण कापूनही त्या तीन गुणांनी पहिल्या आल्या. संध्याकाळी चारला बक्षीस जाहीर झालं तेव्हा व्यासपीठावर त्यांचा नवराच गेला, कारण मावशी पोर्चमध्ये गाडीत गुडघ्यावर बसून शिवण घालत होत्या. नाव पुकारलं गेलं, टाळ्यांचा गजर झाला. त्यांनी तो ऐकला, मान जराशी डोलावली आणि पुढचा टाका घातला.

थोड्या वेळाने परीक्षक आले. काखेत त्यांच्या पुस्तकाची एक प्रत होती, कानावर पेन्सिल होती. ते पुढच्या सीटवर बसले, मागे वळले आणि बॅटरी धरून राहिले. भोक, टाका, भोक, टाका. शेवटची गाठ मावशींनी आत दडवली, दोरा कापला आणि शिवणीवरून तळहात फिरवला.

परीक्षकांनी वाकून पाहिलं. कुठे उसवलं होतं, ते त्यांना सापडलं नाही.

ते घसा खाकरून म्हणाले, "मावशी, तुम्ही पुस्तक वाचलंय म्हणालात."

"दोनदा."

"सीट सोडून... आणखी कुठे चुकलोय का मी?"

मावशींनी सुई डबीत ठेवली, डबी पर्समध्ये ठेवली, आणि नुकत्याच शिवलेल्या सीटवर टेकून ऐसपैस बसल्या.

"पेन्सिलीला टोक आहे ना?" त्या म्हणाल्या. "पान बारा काढा."